पेट्रोल अतिथंडीत गोठत नाही, मग इंजिन का अडते?

प्रश्न : उत्तरवारा

नमस्कार. ध्रुवीय प्रदेशांतील वाहनांविषयी वाचताना काही शंका आल्या, त्या येथे मांडतो. सैबेरियातील ओय्म्याकोन येथे १९३३ मध्ये उणे ६७.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झालेली आहे, तर अंटार्क्टिकावरील व्होस्तोक स्थानकावर २१ जुलै १९८३ रोजी तापमान उणे ८९.२ अंशांपर्यंत उतरले होते. अशा थंडीत डिझेलमध्ये मेण धरते आणि फिल्टर तुंबतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पेट्रोलविषयी मात्र एकवाक्यता दिसत नाही. कोणी त्याचा गोठणबिंदू उणे ४० अंश सांगतो, कोणी उणे ६०, तर कोणी उणे १०० च्याही खाली. पेट्रोलला निश्चित असा गोठणबिंदू आहे की नाही? आणि ते इतक्या थंडीतही द्रवच राहत असेल, तर त्या भागांतले लोक गाडी रात्रभर चालू का ठेवतात, किंवा इंजिनाला विजेचा हीटर का लावतात? आणखी एक शंका अशी की, थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणजे ते हाताळायला अधिक सुरक्षित होते, असे मानता येईल का?

उत्तर : रेणुबंध

आपल्याला वेगवेगळे आकडे आढळले, कारण पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, आणि त्यांतील प्रत्येकाचा गोठणबिंदू निराळा आहे. ब्यूटेन उणे १३८ अंशांना गोठतो, आयसोपेंटेन उणे १६० ला, आयसोऑक्टेन उणे १०७ ला आणि टोल्युइन उणे ९५ ला. उलट सरळ साखळीचा नॉर्मल ऑक्टेन उणे ५७ अंशांनाच गोठतो, बेंझीन शून्याच्या वर ५.५ अंशांना, आणि पॅराझायलीन तर चक्क १३ अंशांना. म्हणजे एकेकटे ठेवले तर यांतले काही घटक साध्या फ्रिजमध्येही घन झाले असते. मिश्रणात मात्र ते इतर घटकांत विरघळलेले असतात, आणि विरघळलेल्या पदार्थाचे स्फटिक बनण्यासाठी त्याच्या स्वतःच्या गोठणबिंदूपेक्षा पुष्कळ अधिक थंडी लागते. शिवाय फाटे फुटलेले, वलयाकार, आखूड, लांब असे नाना आकारांचे रेणू एकत्र असल्यामुळे त्यांची स्फटिकासारखी शिस्तबद्ध मांडणी सहजासहजी होत नाही. डिझेलचे दुखणे नेमके येथे वेगळे आहे. त्यात चौदा, सोळा, अठरा कार्बनांच्या सरळ साखळ्या बऱ्याच असतात आणि त्या एकमेकींशेजारी छान रचल्या जातात. सोळा कार्बनांचा हेक्झाडेकेन स्वतंत्रपणे १८ अंशांनाच गोठतो, यावरून कल्पना यावी.

म्हणून पेट्रोलच्या बाबतीत एक ठरावीक गोठणबिंदू सांगण्यात अर्थ नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांना, ते घट्ट होते खरे, पण पाण्यासारखे एका ठिकाणी अचानक नव्हे. आधी दाट, मग मधासारखे चिकट आणि अखेरीस कडक होत जाते. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी जे पेट्रोल बनवतात, त्याच्या मानकात मात्र उणे ५८ अंश ही मर्यादा घालून दिलेली आहे, म्हणजे त्या तापमानापर्यंत त्यात स्फटिक दिसता कामा नयेत. उणे ६० च्या आसपासचा जो आकडा आपण वाचला, तो बहुधा येथूनच आला असावा. उणे ४० चा आकडा मला फ्लॅश पॉइंटशी, म्हणजे ज्याच्या खाली द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ नसते त्या तापमानाशी, झालेली गल्लत वाटते, त्याविषयी पुढे लिहितो. व्होस्तोकच्या विक्रमी तापमानाला साध्या पेट्रोलातील जड घटक गढूळपणा आणू शकतील, परंतु टाकीत बर्फाची लादी होईल असे चित्र डोळ्यांसमोर आणू नये.

याला एक मजेशीर अपवाद आहे. मिथेनॉलपासून पेट्रोल बनवण्याचा कारखाना १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये मोटुनुई येथे सुरू झाला. त्या पद्धतीने तयार होणाऱ्या पेट्रोलात ड्युरीन नावाचा घटक नेहमीपेक्षा जास्त निघतो, आणि त्याचा वितळणबिंदू तब्बल ७९ अंश आहे. त्याचे प्रमाण वाढले तर थंड हवेत कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे जुन्या इंजिनांत पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागात, खरोखरच स्फटिक जमू शकतात, त्यामुळे जड भागावर वेगळी प्रक्रिया करून ड्युरीन दोन टक्क्यांच्या आत आणावे लागे. अशी उदाहरणे विरळाच.

आता मुख्य मुद्दा. इंजिनात जळते ती पेट्रोलची वाफ. द्रव पेट्रोल जळत नाही. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांहून कमी असेल तर ठिणगी पडूनही ज्योत पसरत नाही, आणि ७.६ टक्क्यांहून अधिक असेल तर प्राणवायू अपुरा पडल्यामुळे पसरत नाही. ज्याचा बाष्पदाब ३७.८ अंशांना ६० किलोपास्कल आहे असे पेट्रोल घ्या. बाष्पदाब मोजण्याची प्रमाण चाचणी याच तापमानाला होते. बाष्पीभवनाच्या उष्णतेवरून ढोबळ हिशेब केला तर २० अंशांना हा दाब निम्म्यावर, म्हणजे ३० किलोपास्कलच्या आसपास येतो, उणे २० ला तो साडेचार ते पाचवर घसरतो आणि उणे ४० ला जेमतेम १.४ उरतो. वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असल्याने हे आकडे जवळजवळ टक्केवारीसारखेच वाचता येतात. त्यावरून लक्षात येईल की उणे ४० च्या सुमारास पेट्रोलवरील हवेत वाफ ज्वलनाच्या किमान मर्यादेशी येऊन टेकते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४३ अंशांच्या आसपास देतात तो याच कारणाने. त्याखाली द्रव पेट्रोल समोर दिसत असते, ओतता येते, पंपाने ओढता येते, पण त्याच्या पृष्ठभागाजवळ ठिणगी टाकली तरी पेट घेण्याइतकी वाफ तेथे नसते. त्यामुळे इंधन गोठले की नाही हे विचारण्यापेक्षा त्याची वाफ किती होते, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

उत्तर : जुना चोक

रेणुबंध यांनी रसायन सांगितले, त्याला इंजिनाची बाजू जोडतो.

सिलिंडरमध्ये पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असली की ज्वलन पुरेपूर होते. पण हे प्रमाण वाफेसाठी आहे. इंजिन गारठलेले असताना इंजेक्टरने फवारलेल्या पेट्रोलातला फक्त हलका अंश, म्हणजे ब्यूटेन, पेंटेन आणि त्यांच्या जवळपासचे घटक, वाफ होऊन हवेत मिसळतो. बाकीचे पेट्रोल थेंबांच्या रूपात हवा आत नेणाऱ्या नळीच्या (मॅनिफोल्डच्या) भिंतीवर, व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि सिलिंडरच्या कडांवर पातळ थर बनून चिकटून बसते. म्हणून इंजिनाचा संगणक सुरुवातीच्या काही आवर्तनांत नेहमीच्या कितीतरी पट पेट्रोल सोडतो, जेणेकरून त्यातल्या हलक्या अंशापुरते तरी मिश्रण पेटावे. जुन्या गाड्यांत चोक ओढून आपण हेच काम हाताने करत होतो. यातला धोका उघड आहे. दोन-तीन वेळा सेल्फ मारूनही इंजिनाने पकडले नाही, तर न उडालेले पेट्रोल प्लगवर साचते, प्लग भिजतो आणि मग ठिणगीच पडत नाही. अशा वेळी प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक ओलेचिंब असते आणि वासावरूनच काय झाले ते कळते. पुष्कळ इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास संगणक इंधन बंद करतो, ही सोय याच प्रसंगासाठी ठेवलेली असते.

भिंतीवरचे हे पेट्रोल सगळेच जळत नाही. काही पिस्टनच्या रिंगांपासून खाली झिरपून ऑइलमध्ये उतरते. गाडी लांबवर चालवली तर ऑइल तापते आणि ते पेट्रोल उडून जाते. पण कडाक्याच्या थंडीत रोज चार-पाच मिनिटेच गाडी चालवणाऱ्याच्या ऑइलची पातळी मोजण्याच्या दांडीवर कमी होण्याऐवजी वाढलेली दिसू लागते. हे चांगले लक्षण नव्हे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगना पुरेसा आधार देत नाही. धुराचेही तसेच आहे. धुरातले विषारी वायू कमी करणारी उत्प्रेरक नळी (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत जवळजवळ निकामी असते आणि नेमके तेव्हाच मिश्रणात पेट्रोल सर्वांत जास्त असते. म्हणूनच अमेरिकेत आणि युरोपात कार्बन मोनॉक्साइडची एक वेगळी चाचणी उणे ७ अंशांना घेतात.

अर्थात सगळा दोष पेट्रोलच्या माथी मारणेही योग्य नाही. शिशाची बॅटरी उणे १८ अंशांना आपली निम्मीच ताकद देऊ शकते, आणि त्याच वेळी दाट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. ज्या ऑइलवर ‘० डब्ल्यू’ लिहिलेले असते, त्याची सेल्फच्या वेळच्या दाटपणाची चाचणी उणे ३५ अंशांना होते आणि पंपाने ओढले जाण्याची उणे ४० ला. ओय्म्याकोनसारख्या ठिकाणी या दोन्ही मर्यादा मागे पडतात. इंजिन हळू फिरले की दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, हवा तापली नाही की वाफ होत नाही, आणि वाफ झाली नाही की इंजिन आणखी वेळ बॅटरीवर फिरवावे लागते. या चक्रातून सुटण्याचा खात्रीचा उपाय एकच, इंजिनाला थंड होऊ न देणे. अलास्कातील फेअरबँक्समध्ये वाहनतळावरच विजेचे सॉकेट असतात आणि गाडी उभी केली की इंजिनाच्या हीटरची वायर त्यांत खोचतात. सैबेरियात गाडी चालू ठेवतात किंवा उबदार गॅरेजात ठेवतात. यात पेट्रोल गोठण्याची भीती नसते. लोखंड, ऑइल आणि बॅटरी गार पडण्याची असते.

उत्तरवारा

आपणा दोघांचे आभार. यातून एक उपप्रश्न निघतो. हलका अंशच जर इंजिन सुरू करत असेल, तर पेट्रोलात ब्यूटेन भरपूर घालून प्रश्न कायमचा का मिटवत नाहीत? आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थंडीत चांगले की वाईट?

उत्तर : रेणुबंध

हिवाळ्यात नेमके तेच करतात. थंड देशांत शुद्धीकरण कारखाने वर्षातून दोनदा मिश्रण बदलतात. अमेरिकेत उन्हाळ्यात बाष्पदाब सर्वसाधारणपणे ६२ किलोपास्कलच्या आत ठेवावा लागतो, तर कडक हिवाळ्याच्या भागांत तो १०३ किलोपास्कलपर्यंत जाऊ दिला जातो, आणि हा फरक मुख्यतः ब्यूटेनने साधतात. ब्यूटेन स्वस्त असतो आणि त्याचा ऑक्टेन अंकही, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याचा गुणही, चांगला असतो, त्यामुळे कारखान्यांना तो बारा महिने घालायला आवडेलच. पण तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो. उन्हाळ्यात असे पेट्रोल तापलेल्या नळीतच वाफ धरते, पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागतो आणि चालती गाडी बंद पडते. शिवाय टाकीतून उडणारी वाफ शहरांच्या हवेत ओझोन तयार व्हायला हातभार लावते. म्हणून कायमचा उपाय असा नाही, ऋतुमानाप्रमाणे तडजोड आहे.

इथेनॉलचे उत्तर त्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे. शुद्ध इथेनॉल उणे ११४ अंशांपर्यंत द्रव राहते, म्हणजे गोठण्याच्या दृष्टीने ते उत्तमच. परंतु तो एकच पदार्थ असल्यामुळे त्यात हलका अंश असा काही नसतो. ७८ अंशांना तो सगळाच्या सगळा उकळतो आणि त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या वर १३ अंशांच्या आसपास आहे. भरीस भर म्हणजे त्याचा एक किलो वाफ करायला पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाजवळ पेट्रोलची एक छोटी टाकी देत असत, ती केवळ गार सकाळी इंजिन सुरू करण्यापुरती. पुढे तिची जागा इंधन तापवणाऱ्या इंजेक्टरांनी घेतली. ब्राझीलमधली थंडी ती केवढी, तरीही ही गरज पडली. ज्या इंधनाला ई ८५ म्हणतात, म्हणजे नावाप्रमाणे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, त्यातही हिवाळ्यात इथेनॉलचा वाटा मानकानुसार ५१ टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. दहा टक्के मिश्रणाचे मात्र उलटे आहे. थोडे इथेनॉल पेट्रोलात मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब घटत नाही, सुमारे ७ किलोपास्कलने वाढतो.

उत्तर : कोरडी हवा

एक छोटीशी भर. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणे ही अतिथंडीतली तक्रार समजली जाते, ती प्रत्यक्षात दमट आणि सौम्य हवेची तक्रार आहे. पेट्रोल उडताना आजूबाजूची उष्णता शोषते आणि नळीतले तापमान वीसेक अंशांनीही खाली जाते. हवा १० अंशांची आणि ओलसर असेल तर तिच्यातले पाणी कार्ब्युरेटरच्या घशाजवळच गोठते. उणे ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅमसुद्धा बाष्प मावत नाही, तर २० अंशांच्या हवेत सतरा ग्रॅम मावते. गोठायला मुळात पाणीच नसेल तर बर्फ कोठून येणार?

उत्तर : हिमवाट

सुरक्षिततेच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. थंडीत पेट्रोल अधिक सुरक्षित होते, हा समज अर्धवट आहे आणि म्हणूनच घातक आहे. रेणुबंध यांचेच आकडे पुन्हा पाहावेत. २० अंशांना बंद टाकीतल्या हवेत वाफेचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे ७.६ टक्क्यांच्या वरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक. त्यामुळे साधारण हवामानात टाकीच्या आत ठिणगी पडली तरी ज्योत पसरायला पुरेसा प्राणवायू नसतो. धोका टाकीच्या तोंडाशी असतो, जेथे वाफ बाहेरच्या हवेत मिसळते. तापमान उतरत गेले की आतली वाफ विरळ होते, आणि उन्हाळी पेट्रोलच्या बाबतीत उणे १० च्या सुमारास, तर हिवाळी पेट्रोलच्या बाबतीत आणखी सात-आठ अंश खाली, टाकीच्या आतले मिश्रणच पेट घेण्याजोगे होते. तेथून उणे ४० पर्यंतचा सगळा पट्टा असा आहे की त्यात अर्धी रिकामी कॅन म्हणजे आतून पेटू शकणारे भांडे असते. याच पट्ट्यात हवा कोरडी असते, अंगावर लोकरीचे आणि कृत्रिम धाग्यांचे थरावर थर असतात, आणि थंड पेट्रोल विद्युतभार आणखी सावकाश वाहून जाऊ देते. स्थिर विजेची ठिणगी पडायला याहून अनुकूल परिस्थिती शोधूनही सापडणार नाही. म्हणून कॅन गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून भरू नये. खाली जमिनीवर ठेवावी, पंपाची तोटी भरणे संपेपर्यंत कॅनच्या तोंडाला टेकलेली असावी आणि ओतण्याचा वेग बेताचा ठेवावा.

दुसरी गोष्ट कातडीची. उणे ४० च्या हवेत हात काही क्षण उघडा राहिला तर निभावते, कारण हवा उष्णता हळू ओढते. त्याच तापमानाचे पेट्रोल हातावर सांडले तर ते पूर्ण कातडीला लगटते, द्रव असल्यामुळे बोटांच्या बेचक्यांत शिरते, आणि उडताना उरलीसुरली ऊबही घेऊन जाते. पाण्याच्या बाबतीत असे होऊच शकत नाही, कारण द्रव पाणी शून्याच्या फार खाली राहत नाही. पेट्रोल मात्र बाहेरच्या हवेइतकेच थंड आणि तरीही पातळ असते, त्यामुळे हिमदंश जवळजवळ तत्काळ होतो. लोकरीचे हातमोजे ते शोषून घेतात आणि दुखापत वाढवतात; इंधन भरताना त्यावरून पेट्रोल न झिरपणारे मोजे घालावेत.

पाण्याकडेही लक्ष असू द्यावे. पेट्रोल गोठत नसले तरी त्यात विरघळलेले थोडेसे पाणी थंडीत बाहेर पडते, टाकीच्या तळाशी जमते आणि पंपाच्या जाळीवर वा नळीच्या वळणात बर्फ होऊन बसते. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला उतरणाऱ्या बोइंग ७७७ विमानाच्या दोन्ही इंजिनांचा जोर धावपट्टीच्या अलीकडेच गेला. तपासात निष्पन्न झाले की इंधन स्वतः गोठलेले नव्हते. नळ्यांत साठलेला बर्फ सुटून इंधन तापवणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी अडकला होता. तेथे इंधन केरोसीनजातीचे होते, पण पाण्याचे वागणे तेच. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल १५ अंशांना सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते, त्यामुळे नळीत बर्फ धरण्याचा त्रास कमी होतो. मात्र थंडी वाढली की ही क्षमता घटते, आणि मर्यादा ओलांडली तर इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर तळाशी उतरतो, ज्यावर इंजिन चालत नाही.

रबराच्या सीलचाही एक पेच आहे. पेट्रोलला चांगला टिकणारा फ्लुओरोरबर उणे १५-२० च्या खाली ताठरतो, आणि थंडीत लवचीक राहणारे कित्येक रबर पेट्रोलने फुगतात. गाडी ऊबदार असताना कोरडी दिसणारी जोडणी पहाटे ठिबकते, ती यामुळेच.

उत्तरवारा

कॅनचा विषय निघालाच आहे, तर विचारतो : थंडीत कॅन काठोकाठ भरून ठेवली, म्हणजे आत हवाच राहणार नाही, तर ते अधिक बरे नाही का?

उत्तर : हिमवाट

नाही, तसे अजिबात करू नये. तापमान एक अंशाने बदलले की पेट्रोलचे आकारमान हजारात जवळजवळ एक भाग बदलते. उणे ४० ला काठोकाठ भरलेली वीस लिटरची कॅन २० अंशांच्या खोलीत आणली तर आतले पेट्रोल एक लिटरहून अधिक फुगते, आणि ते एकतर झाकणातून बाहेर येते किंवा कॅन फुगवून शिवण उसवते. वरची विसाव्या भागाहून अधिक जागा मोकळी सोडावी आणि शक्यतो थंडीत भरलेली कॅन थंडीतच राहू द्यावी. तसेच उन्हाळ्यात भरलेले पेट्रोल हिवाळ्यासाठी राखून ठेवू नये; त्यात ब्यूटेन आधीच कमी असतो, आणि होता तेवढाही झाकण उघडझाक करताना उडून गेलेला असतो. जनरेटर किंवा बर्फ सारण्याचे यंत्र पहिल्याच हिमवृष्टीत सुरू होईनासे झाले, तर प्लग बदलण्याआधी टाकी रिकामी करून ताजे हिवाळी पेट्रोल भरून पाहावे.